टपालगाड्यांतच काय एवढं?

"जुन्या गाड्यांचं वेड समजू शकतो, पण टपालाच्या गाड्यांतच काय एवढं?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकतो.

इतर मोटारी गिऱ्हाइकाच्या हौसेवर बेततात. चांगली टपालगाडी पोस्टमनच्या दिवसावर बेतलेली असते. पश्चिम जर्मनीची 'फ्रिडोलिन' घ्या. तिथलं टपालखातं आधी गोगोमोबिलच्या चिमुकल्या व्हॅन वापरायचं. त्या बनवणारी ग्लास कंपनी मुळात शेतीची यंत्रं करणारी! पुढे मोठी गाडी हवी झाली तेव्हा खात्यानं नेमकं मागितलं: टपालाला दोन घनमीटर जागा, सरकते दरवाजे आणि चालकाचा हात बसल्या जागेवरून मागच्या टपालापर्यंत पोचेल अशी सोय.

फोक्सवागननं घरातलंच सामान जमवलं. तळ त्यांच्याच 'कारमान घिया' या स्पोर्टी मोटारीचा, कारण तो बीटलपेक्षा रुंद. इंजिन बीटलचं, ३४ अश्वशक्तीचं. पुढचे दिवे एका गाडीचे, मागचं झाकण दुसरीचं. बांधणी वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कंपनीकडे. १९६४ ते १९७४ या काळात सहा हजारांवर गाड्या झाल्या, बहुतेक टपालासाठीच. स्विस टपालखात्यानंही घेतल्या.

दिसायला ती उंच, चपट्या गालांची, जरा विचित्रच. पण तिचा दरवाजा बघा. भिंतीला खेटून गाडी लावली तरी तो सरकवून पोस्टमन उतरतो, मागून येणाऱ्या सायकलवाल्याला धक्का नाही, आणि दर चार घरांमागे हेच करताना खांदा भरून येत नाही. माझा जीव अडकलाय तो इथे.

अमेरिकेची तीनचाकी 'मेलस्टर' याच्या उलट. स्वस्त म्हणून खात्यानं उचलली. १९६६ मध्ये १७,७०० रस्त्यावर होत्या, म्हणजे ताफ्याचा तिसरा हिस्सा. वळण जोरात घेतलं की कलंडायची, तीन इंच बर्फात रुतायची. ती बनवणाऱ्या कुशमनसारख्या कंपन्यांना हलकी वाहनं छान जमत, पण नेब्रास्कासारख्या बर्फाळ राज्याच्या हिवाळ्यात घरोघर फिरणाऱ्याला ती देणं मला आजही अन्याय वाटतो.

मग तिथे उजवीकडे, म्हणजे त्यांच्या रस्त्याच्या कडेच्या बाजूला, स्टिअरिंग असलेली जीप आली, खाली न उतरता पेटीत पत्र टाकता येईल अशी. १९८७ पासून ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीची ॲल्युमिनियमची गाडी रुजू झाली. फ्रिडोलिन गंजून संपल्या, आता मोजक्याच उरल्यात. ग्रुमनच्या गाड्या मात्र चोवीस वर्षांचं ठरलेलं आयुष्य उलटून गेल्यावरही टपाल वाटत राहिल्या.