मधल्या पदाची फोड आणि आमचे अकरा दिवस

सातवीची परीक्षा संपताच माझ्या मुलीने सुट्टीत पुढचे बीजगणित शिकायचे असल्याचे स्वतःहून सांगितले, तेव्हा मी बालभारतीचे आठवीचे गणिताचे पुस्तक काढून रोज संध्याकाळी पाऊण तास तिच्याबरोबर बसू लागलो. विस्तारसूत्रे चार दिवसांत झाली. क्ष² + ५क्ष + ६ अशा राशींचे अवयव तर ती तोंडी पाडू लागली, आणि त्या उत्साहाच्या भरात मी तिच्यापुढे ६क्ष² − ५क्ष − ६ ही राशी ठेवली. तेथे आम्ही अकरा दिवस अडकलो.

रीत मला शाळेपासून पाठ होती. पहिल्या पदाचा सहगुणक आणि शेवटचे पद यांचा गुणाकार −३६. ज्यांचा गुणाकार −३६ आणि बेरीज −५ येते अशा संख्या −९ आणि ४. म्हणून −५क्ष ची फोड −९क्ष + ४क्ष अशी करायची. मुलीने विचारले, "बाबा, पण ती टोके गुणायचीच का?" मी म्हणालो, "रीतच तशी आहे." तिने पेन्सिल खाली ठेवली.

मग मी एक मार्गदर्शक विकत आणले. त्यात सोडवलेल्या उदाहरणांची पाने भरली होती आणि प्रत्येकात 'गुणाकार करावा' एवढीच आज्ञा होती. का, याबद्दल एक अक्षर नाही. त्या पुस्तकाचा राग मला अजून येतो, जरी खरे तर इतकी वर्षे तोच प्रश्न मलाही पडला नव्हता. मधल्या काळात मी दोनदा तिच्यावर चिडलो, आणि एकदा तर तिने वही मिटून ठेवली. मूल उत्सुक असले की आपला आवाज चढवण्याचे कारणच उरत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

वाट उलट्या बाजूने सापडली. त्या राशीचे अवयव (३क्ष + २) आणि (२क्ष − ३) यांचा गुणाकार मी चौकटीच्या वहीत आयताचे चार भाग करून मांडला. मधली दोन पदे ३ × (−३) = −९ आणि २ × २ = ४ अशी आली. त्यांचा गुणाकार घेतला तर त्यात ३, −३, २, २ हे चार अंक. टोकांच्या पदांचा, म्हणजे ३ × २ आणि २ × (−३) यांचा गुणाकार घेतला तरी तेच चार अंक, फक्त जोड्या बदललेल्या. मुलीने दोन्ही ओळींखाली रेघ ओढली आणि म्हणाली, "मग −३६ येणारच."

पुढची वर्गसमीकरणे याच राशीवर घेतली. जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत, जी भास्कराचार्यांनी नोंदवून ठेवली आहे, तिला विशेष आवडली: ६क्ष² − ५क्ष − ६ = ० हे समीकरण २४ ने, म्हणजे क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, गुणून दोन्ही बाजूंत २५, म्हणजे मधल्या सहगुणकाचा वर्ग, मिळवले की (१२क्ष − ५)² = १६९ होते आणि अपूर्णांकांचा त्रास शेवटपर्यंत टळतो. क्ष ची किंमत ३/२ किंवा −२/३.

घरी शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. अवयव पाडून झाले की क्ष च्या जागी १ ठेवून पाहावे. येथे राशीची किंमत ६ − ५ − ६ = −५ आणि कंसांची ५ × (−१) = −५. आमच्या चिन्हांच्या बहुतेक चुका त्यानंतर तिच्याच हाती लागल्या, माझ्या चुकांसकट.