नळीतली कुंभारीण

डिसेंबरातली हरिश्चंद्रगडावरची पहाट. चौदा माणसं कानटोप्या घालून चहासाठी ताटकळलेली आणि स्टोव्ह काही पेटत नाही. ट्रेक लीडर रस्ता चुकला तर लोक एक वेळ हसून सोडून देतात, चहा चुकला तर नाही.

स्टोव्ह आमचा सपाट, आडवा डबा बसवायचा, ब्युटेनवाला. पहिला संशय खटक्यावर. दव पडलं की ठिणगी ओल्या पत्र्यातच जिरते. काडी लावली, तरी नाही. मग डबा काढला. त्याच्या गळ्याला खाच असते, ती वरच यायला हवी. आतली नळी वाकडी असते. खाच वर असली तरच तिचं तोंड वायूत राहतं, नाहीतर द्रवरूप गॅस सरळ बर्नरमध्ये येतो. खाच बरोबर होती.

उरली थंडी. ब्युटेन शून्याच्या आसपास बाष्प व्हायचंच थांबतं, आणि पाच-सहा अंशांवरही त्याला जोर कसा तो नसतो. डबा हलवला तर आत खळखळ, पण कॉक उघडला की सुसकारा मेल्यासारखा. झालं, माझं निदान पक्कं. डबे रात्रभर बाहेर राहिले होते. सामान बघणारा पोरगा गडाखालच्या पाचनई गावचाच, एकोणीस वर्षांचा. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "एवढं साधं काम जमत नाही का रे?"

"चुकलं दादा," म्हणाला.

एका साहेबांनी डबा शेकोटीजवळ ठेवायचं सुचवलं. डबा फुटेल म्हणून त्यांच्यावर मी खेकसलोच. स्वस्तात पुन्हा भरून मिळणारे डबे वापरणारे आणि हे, एकाच माळेचे मणी. पोरगा तोवर न सांगता झोपडीतल्या मावशींकडून कोमट पाणी घेऊन आला होता. हाताला सोसवेल इतपतच. डबा पाच मिनिटं त्यात धरला, कोरडा पुसला, बसवला. आता सुसकारा भरून आला. काडी लावली.

भप्प! जाळ वर नाही, खाली, कॉकजवळ. माझ्या मनगटावरचे केस गेले. झटकन कॉक बंद केला, आणि तेव्हा डोकं चाललं. जेटच्या बारीक भोकातून सुटलेला गॅस हवा ओढून घेत जाड नळीतून बर्नरला जातो. ती नळीच तुंबली तर तो हवेच्या भोकातून उलटा बाहेर येणार. वारा नसता तर वासावरूनच कळलं असतं.

जाळी काढली, स्क्रू काढून बर्नर सोडवला आणि नळी दगडावर आपटली. आधी सुकलेली माती पडली. मग कोळ्यांचे वाळलेले पाय, आणि तपकिरी, पातळ, फुटकं कवच. कुंभारीण माशीचं घर! पिल्लांच्या शिदोरीला ती कोळी बधिर करून आत कोंबते. पावसाळी ट्रेकना चहा गावातच होतो, म्हणून जूनमध्ये स्टोव्ह पोटमाळ्यावर टाकला होता. पिशवीशिवाय. मीच. निघण्याआधी घरी एक काडी लावून बघितली असती तर? तेही नाही.

सातला चहा झाला. लोकांनी मातीचे आणि कोळ्याच्या पायांचे फोटो काढले, मला शाबासकीही दिली. डबे तंबूत घे, असं त्या पोराला मी सांगितलं होतं का, ते अजून आठवत नाही.

मागच्या शनिवारी सामान भरताना त्याने ती नळी तोंडाला लावून फुंकली, तळहातावर आपटली आणि गुंडाळून पिशवीत ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दोऱ्या मोजत होतो, मोजतच राहिलो.