बारमधला पियानो आणि कोकणातला पावसाळा
किनाऱ्यावरच्या जुन्या बारमध्ये पियानो खिडकीशी किंवा एसीच्या झोतात नको. आतल्या भिंतीला लावा, मागे चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची आवाज घुमवणारी लाकडी फळी, फुगतो, मधल्या सप्तकांचा सूर चढतो. फेल्ट, म्हणजे आतलं लोकरीचं जाड कापड, दमट होऊन पट्ट्या अडकतात. तारा सव्वादोनशेच्या आसपास, खाऱ्या वाऱ्याने गंजतात त्या वेगळ्याच. भर पावसात ट्यूनिंग म्हणजे पैसे पाण्यात. हवा कोरडी झाली की दोनेक आठवडे थांबून करा.

झाकणावर ग्लास तर नकोच, त्यातही हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूचा: 60 मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, उभी चिरलेली मिरची, वर गोड लिंबू-सोडा. सांडला की साखर पट्ट्यांच्या फटीत चिकटून बसते. मिरची ठेचू नका, नुसता जाळ होतो.