रुमाल

नाटकाची प्रॉपर्टी सांभाळताना मी एक नियम पाळते: ज्या वस्तूवाचून प्रवेश अडेल, तिची जोडी करून ठेवायची. म्हणून शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’साठी रुमाल दोन केले. तुळशीबागेतून पांढरं मलमल आणलं, त्यावर लाल धाग्याने स्ट्रॉबेऱ्या भरल्या, बियांना पिवळे गाठीचे टाके. मूळ नाटकातही रुमालावर स्ट्रॉबेऱ्याच आहेत. ऑथेल्लोने बायकोला, डेस्डिमोनाला, दिलेली ती पहिली भेट.

प्रयोग भरत नाट्य मंदिरात होता. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो डोकं दुखतंय म्हणतो, ती रुमालाने त्याचं कपाळ बांधू पाहते, तो नको म्हणतो, रुमाल खाली पडतो आणि दोघं आत जातात. त्या रात्री डेस्डिमोना विंगेत आली, तेव्हा रुमाल तिच्या मुठीतच होता. तिलाही पत्ता नव्हता.

बाहेर रंगमंचावर डेस्डिमोनाची दासी एमिलिया एकटी. तिने रुमाल उचलून नवऱ्याला, म्हणजे इयागोला, द्यायचा. आणि खाली काहीच नाही! पोरीचा पहिलाच मोठा प्रयोग. तिची नजर जमिनीवरून फिरली आणि माझ्या विंगेकडे आली. विंगेला लागून एक बाक होता, त्याचं एक टोक प्रेक्षकांना दिसत नव्हतं. मी दुसरा रुमाल तिथे सरकवला. ती सावकाश आली, बाकावर बसली आणि सहज सापडल्यासारखा तिने तो उचलला. प्रेक्षकांत कुणाला कळलंही नसेल.

माझे हात मात्र कापत होते. प्रयोग सावरला होता, तरीही.

महिनाभर मी वहीत या रुमालाचा हिशोब ठेवत होते, कोणत्या प्रवेशात कुणाच्या हातून कुणाच्या हाती. देवलांनी १८९० मध्ये या नाटकाचा ‘झुंझारराव’ केला, तेव्हापासून मराठी प्रेक्षक ही गोष्ट जाणतो आणि बोट ठेवतो ते संशयावर, कपटावर. पण वहीतला हिशोब वेगळंच सांगत होता. रुमाल दिला गेला प्रेमाने. पडला तो दुखरं डोकं बांधताना. एमिलियाने उचलला, कारण सदा टाकून बोलणारा नवरा एकदा तरी खूष होईल. पुढे इयागो तो ऑथेल्लोचा अधिकारी कॅसिओ याच्या खोलीत टाकतो, आणि कॅसिओ तो आपल्या प्रेयसीला, बियांकाला, देतो, नक्षी उतरवून घ्यायला. तिचाही त्याच्यावर जीव, म्हणून ती दुसऱ्या बाईची भेट समजून चिडते आणि रुमाल त्याच्या अंगावर परत फेकते. लपलेला ऑथेल्लो नेमकं तेवढंच पाहतो आणि बायको बेइमान आहे असं धरून बसतो. तीन बायका, तिघींचं प्रेम खरं. या सगळ्यात माया नसलेला हात एकट्या इयागोचा. तेवढा एक पुरला.

आणि त्या रात्री त्यांच्यात माझाही हात.

पाचवा अंक मी विंगेतून उभ्याने पाहिला. एरवी त्या वेळी मी सामान आवरत असते. ऑथेल्लोने डेस्डिमोनाचा जीव घेतल्यावर, रुमाल आपणच दिला हे एमिलियाला उमगतं. इयागो घरी जा म्हणून दरडावतो, तरी ती सगळ्यांसमोर खरं सांगते, त्याच्याच तलवारीने मरते आणि मरताना एवढंच मागते की मला माझ्या बाईसाहेबांशेजारी ठेवा.

पडदा पडल्यावर ती पोरगी रुमाल परत द्यायला आली. मेकअप उतरवला नव्हता, डोळे सुजले होते.

“ताई, तुम्ही तो बाकावर ठेवलात ना, तेव्हा क्षणभर वाटलं, घेऊच नये.”

“मलाही ठेवावासा वाटत नव्हता गं,” मी म्हटलं.