पाटाला दार नाही

शनिवार, रात्री. मुक्काम क्लॅव्हर्टन.

इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावाचे लॉक, म्हणजे पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली करणारा हौद, मागे टाकले की थेट बाथ शहरापर्यंत दुसरे लॉक लागत नाही. त्यामुळे आज सुकाणू धरण्यापलीकडे कष्टाचे काम नव्हते, आणि तेही दादाने आपणहून अंगावर घेतले. वेगाची मर्यादा ताशी ४ मैलांची असली, तरी प्रत्यक्षात त्याहूनही सावकाश जावे लागते, कारण काठाला बांधलेल्या बोटींजवळून घाईने गेल्यास त्यांचे दोर ताणले जातात आणि आतल्या माणसांच्या चुलीवरचे आधण हिंदकळते. यांतल्या पुष्कळ बोटींत माणसे बारा महिने राहतात. ज्यांना कायमची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. टपांवर रचलेली लाकडे, सायकली आणि पुदिन्याच्या कुंड्या पाहताना मला वाटेतल्या कोणत्याही गावापेक्षा हे सरकते गावच अधिक खरे वाटले.

आईचे आयुष्य पाटाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या गावात गेले आहे. तासभर काठ न्याहाळून ती म्हणाली, "अगं, याला कुठे दार नाही, पाटकरी नाही, मग एवढे पाणी कोणासाठी?" प्रश्न अगदी रास्त होता. हा कालवा शेतीसाठी नव्हे, तर मालवाहतुकीसाठी काढला. जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८१० मध्ये पूर्ण झाला आणि सॉमरसेटच्या खाणींतला कोळसा त्यावरून जाऊ लागला. पुढे लोहमार्ग आला. १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनेच कालवा विकत घेतला, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या मालमत्तेचे जे व्हायचे तेच त्याचे झाले. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गाळ उपसून तो पुन्हा वाहता करीपर्यंत १९९० साल उजाडले. आमची आजची निवांत सहल त्या बुडालेल्या धंद्याच्या जिवावर चालली आहे, हे आईला सांगितल्यावर तिने नुसती मान हलवली.

ॲव्हनक्लिफला थांबलो. येथे कालवा दगडी पुलावरून एव्हन नदी ओलांडतो. त्याची मधली कमान बांधकामानंतर लवकरच खचली आणि आजही खाली झुकलेली दिसते. पुलाखालच्या वाटेवर जेवण आटोपून निघालो, तो झुडपाच्या आडोशाला एक पाणकोंबडी पिलांना भरवताना दिसली. लाल कपाळाची ती आई चोचीत काहीतरी धरून थांबे, आणि काळ्या कापसासारखी पिले एकमेकांना ढकलत तिच्याकडे येत. सर्वांत मागचे पिलू दोनदा रिकाम्या तोंडी परतले, तिसऱ्यांदा मात्र त्याला घास मिळाला, आणि मगच आमच्या आईने दादाला बोट पुढे नेऊ दिली. राखी बगळा आणि खंड्या दिसले तेव्हा तिने त्यांच्याकडे ओळखीच्या माणसांसारखे पाहिले. दोघेही आमच्या ओढ्यावर असतात.

कालव्याला पुन्हा नदीपलीकडे नेणारा डंडासचा पूल देखणा आहे, पण तेथे गर्दी फार, म्हणून रेंगाळलो नाही. क्लॅव्हर्टनला काठावर लोखंडी खुंट ठोकून बोट बांधली आणि खाली नदीकाठच्या पंपघराकडे गेलो. बाथकडे बोट उतरली की प्रत्येक लॉकमधून वरचे पाणी खाली जाते. ते भरून काढण्यासाठी १८१३ पासून येथे नदीच्याच प्रवाहावर एक रुंद पाणचक्की फिरे आणि नदीचे पाणी सुमारे ४८ फूट वर कालव्यात चढवी. १९५२ मध्ये ती बंद पडली, पुढे स्वयंसेवकांनी दुरुस्त केली. नेहमीचे काम आता विजेचे पंप करतात. आज पंपघर बंद होते. आई बराच वेळ दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे नदीनेच नदीचे पाणी वर ओढायचे, आणि वीजबिल नाही!" गावाकडच्या मोटारीच्या बिलावर मग ती परत येईपर्यंत बोलत होती.

उद्या बाथची सहा लॉक आहेत. एक जवळजवळ २० फूट खोल आहे, तेव्हा लॉकच्या झडपा उघडणारे लोखंडी हँडल दादाबरोबर मलाही फिरवावे लागणार.