अनसीन पॅसेज

भाचीचा दहावीचा इंग्रजीचा सराव पेपर बघत होते, उताऱ्याखालची उत्तरं सगळी बरोबर, म्हटलं सांग बरं, यातल्या बाईचं शेवटी काय झालं? गप्पच. मग म्हणाली, "मावशी, समजायला नाही लागत गं, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं."

८० मार्कांत १५ मार्क या न शिकवलेल्या उताऱ्याला.

फक्त स्वतःच्या मताचा प्रश्न कोरा होता. मराठीत विचारलं तर पाच मिनिटं बोलत होती, मग तेच इंग्रजीत लिही म्हटलं तर 'शी गो' लिहिलं, खोडलं, 'शी गोज' लिहिलं, परत खोडलं, कागद फाटेपर्यंत. चुकू दे गं, पुढे लिही, म्हटलं. शेवटी तीन ओळी झाल्या, तिच्या स्वतःच्या.

तुमच्याकडची पोरं इंग्रजीत स्वतःचं काही लिहितात का हो?