वायरच्या दुसऱ्या टोकाचं व्होल्टेज

पाण्याच्या टाकीची पातळी मोजायला मी एक छोटं यंत्र केलं. ईएसपी३२ (वाय-फाय असलेली, प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) चा बोर्ड, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, आणि वाय-फायवरून आकडा फोनवर. टेबलावर, लॅपटॉपला जोडून, आठवडाभर न अडखळता चाललं. टाकीपाशी नेऊन बसवलं आणि बोर्ड दर काही सेकंदांनी रीसेट व्हायला लागला.

सिरीयल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी, लावला तर तीच ती ओळ पुन्हा पुन्हा: ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं आणि तिने स्वतःच स्वतःला थांबवलं. ईएसपी३२ मध्ये ही पातळी नेहमीच्या सेटिंगला सुमारे २.४३ व्होल्ट असते. चिप इतकं स्पष्ट सांगत असताना मी दोन संध्याकाळी कोडमध्ये घालवल्या, कारण मल्टिमीटर वेगळंच सांगत होता. चिपला वीज देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या पिनवर ३.२८, अगदी स्थिर.

मीटर खोटं बोलत नव्हता. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि मधल्या काळाची सरासरी दाखवतो. वाय-फायचा रेडिओ मात्र काही मिलिसेकंदांपुरता प्रसारण करतो, आणि तेवढ्यात एकटी चिपच २४० मिलिॲम्पिअरपर्यंत करंट ओढते. सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा असू शकतो, म्हणूनच सप्लाय किमान ५०० मिलिॲम्पिअरचा ठेवायला सांगतात. मिलिसेकंदाचा खड्डा सरासरीत दिसतच नाही.

मग एकच प्रश्न उरला: टेबल आणि टाकी यांत फरक काय? कोड तोच, बोर्ड तोच. लॅपटॉपच्या जागी ॲडॅप्टर आला होता आणि वीतभर केबलच्या जागी तीन मीटरची.

ॲडॅप्टर बदलून पाहिला, फरक नाही. तेव्हा बोर्ड बाजूला ठेवला आणि केबलच्या टोकाला, बोर्डाऐवजी करंट ओढायला, १० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडला. ॲडॅप्टरकडच्या टोकाला ५.१० व्होल्ट. रेझिस्टरवर ४.१८. म्हणजे ०.४२ ॲम्पिअर वाहताना ०.९२ व्होल्ट वाटेतच गेले. भागाकार केला की केबलचा जाऊन-येऊन रोध २.२ ओहम. आतल्या तारा केसासारख्या होत्या, नंतर कापल्यावर दिसल्या. ३० गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.३४ ओहम असतो. जायचे तीन आणि यायचे तीन मीटर धरले की दोन ओहम होतात, उरलेला प्लगच्या संपर्काचा. हिशोब जुळला तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

आता अर्ध्या ॲम्पिअरचा झटका आला तर काय होतं बघा. ५.१ मधून केबलने १.१ खाल्ले, उरले ४. माझ्या बोर्डवर यूएसबीच्या वाटेत एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे, त्याचे ०.३ गेले, उरले ३.७. पुढे ५ व्होल्टचे ३.३ करणारा १११७ जातीचा रेग्युलेटर, त्याला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे चिपपर्यंत पोचले २.६. जरा जास्त करंट, आणि २.४३ ची रेषा ओलांडली.

कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्याला पुरवणारा भाग, लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही ३.३ च्या पिनला ४७० मायक्रोफॅरडचा लावला होता. रीसेट कमी झाले, थांबले नाहीत. पाव ॲम्पिअरची तूट भरताना तो मिलिसेकंदभरातच अर्धा व्होल्ट उतरतो, मग पुन्हा केबलवरच भिस्त. झटका छोटा असेल तर कपॅसिटर उत्तम, पण बारीक तारेवरचा तो इलाज नव्हे. आणि ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधून बंद करा हा जो दुसरा सल्ला फिरतो, तो कृपा करून मानू नका. व्होल्टेज पडायचं ते पडतंच, फक्त कळत नाही. त्याच क्षणी फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) काही लिहिलं जात असेल तर साठवलेला डेटा खराब होतो, आणि तो दोष शोधणं यापेक्षा कितीतरी अवघड.

प्रोग्रामिंगच्या वेळी याच्या अगदी उलटा प्रकारही एकदा अनुभवला, तोही सांगते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायच्या पट्टीवर) नुसती एटीमेगा३२८पी ही दुसरी चिप होती, सप्लाय काढला तरी एलईडी मंद जळत राहिला आणि प्रोग्रामही चालूच. वीज येत होती लॅपटॉप आणि चिप जोडणाऱ्या यूएसबी-सिरीयल ॲडॅप्टरच्या टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या, वायरमधून. ती लाइन रिकामी असताना ‘हाय’ असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं, आणि चिपच्या जवळपास प्रत्येक पिनपासून सप्लायकडे जाणारा एक संरक्षक डायोड आत असतो. त्या चोरवाटेने चिप अर्धवट जिवंत राहते. मग सप्लाय बंद-चालू करूनही खरा रीसेट होत नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. लाइनमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की हा करंट बराच आवळला जातो. मी आता आधी ॲडॅप्टरची वायर काढते, मग सप्लाय.

टाकीचं काम असं मिटलं. ॲडॅप्टर जवळ नेणं शक्य नव्हतं, म्हणून लांब वायरमधून १२ व्होल्ट पाठवले आणि बोर्डाशेजारी त्याचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बसवला. तेवढ्याच २.५ वॉटसाठी (५ व्होल्ट, अर्धा ॲम्पिअर) आता वायरमधून, कन्व्हर्टरमधली तूट धरूनही, पाव ॲम्पिअरच वाहतो. २.२ ओहममध्ये ०.५५ व्होल्ट जातात, आणि ११.४५ व्होल्ट मिळाले काय किंवा १२, बक कन्व्हर्टरला सारखेच.

वायर तीच आहे. यूएसबीचे दोन्ही प्लग कापून टाकले, म्हणजे १२ व्होल्ट चुकून कुणाच्या फोनमध्ये जायला नकोत. लाल आणि काळी तार स्क्रू टर्मिनलमध्ये घट्ट आवळली आणि दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून त्यावर लिहिलं: ‘१२ व्होल्ट, २.२ ओहम’. आता ड्रॉवरमधल्या बाकीच्या केबल काढल्या आहेत. तोच १० ओहमचा रेझिस्टर लावून एकेक मोजते आहे आणि टेप चिकटवते आहे. सात झाल्या, चार बाकी.